तिसऱ्या दिवसाचा अहवाल

"बाई, तुम्हाला मेकअप लागायचा नाही."

सुलभक सर हे माइकवर बोलले आणि सगळा हॉल हसला. हसणारे सगळे मुख्याध्यापक. मीही मुख्याध्यापिका, प्रभारी का होईना. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून मी फार शूर वाटेन.

अंबाजोगाईला मुख्याध्यापकांचं नेतृत्व विकास प्रशिक्षण होतं. पाच दिवसांचं. प्रशिक्षण देणाऱ्याला आता सुलभक म्हणतात. आमचे सुलभक एका मोठ्या संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक. कडक इस्त्री, गोड आवाज. पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर त्यांनी माझं आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना. मग गाव विचारलं. मग, "पाहुणे कुठले तुमचे?" तरी जमेना. मग, "गावात घर कोणत्या बाजूला?"

"खालच्या अंगाला. वस्तीवर."

"अच्छा, अच्छा," म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. हवं ते मिळालं होतं. तेव्हापासून हॉलमधल्या बाकीच्या बायका मॅडम, आणि मी बाई. सगळ्यांना ओळख करून देताना माझे आईबाप ऊस तोडायचे हेही मी सांगून बसले. अभिमानानं सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी विषय होता पालकांशी संवाद. नाट्यीकरण करायचं. ऊस तोडायला जाणारी एक आई पोरीला शाळेतून काढून न्यायला आलीय. समोर मुख्याध्यापक. त्यानं नेतृत्व कौशल्य वापरून तिची समजूत घालायची. शेवटी आईनं हात जोडून म्हणायचं, "माझं चुकलं, सायेब." हे वाक्य आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत छापलेलंच होतं.

आईचं काम करायला कुणी मॅडम उठेना. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "बाई करतील. त्यांच्या रक्तातच आहे." आणि मग ते मेकअपचं.

पुठ्ठ्याचा कोयता तयारच होता. पात्याला चंदेरी कागद चिकटवलेला. फडातल्या बायका घालतात तसा साडीवरून घालायला कुणीतरी बॅगेतला शर्ट काढून दिला, डोक्याला बांधायला टॉवेल दिला. "जरा वाका. आवाज मोठा ठेवा. त्या लोकांसारखा."

त्या लोकांसारखा!

माझ्यासमोर मुख्याध्यापक झाले ते घाटनांदूरकडचे एक गुरुजी. भला माणूस. खाली मान घालून पाठ केलेलं बोलत होते. मी म्हणाले, "सायेब, पोरगी हितं ठिवली तर फडात बारकं लेकरू कोण सांभाळंल?" हॉल हसला. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. 'हितं' आणि 'ठिवली'ला हसणारे हे सगळे घरी जाऊन तेच बोलतात.

मग शेवट आला. मी हात जोडले. "माझं चुकलं, सायेब."

टाळ्या. "अप्रतिम! एकदम ओरिजिनल!" सर म्हणाले. हॉलमधल्या एकानं मोबाइलवर चित्रण केलं होतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रावर हे दाखवायचं, असं सरांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. जेवणाच्या सुट्टीआधी ते ग्रुपवर पडलंसुद्धा.

संध्याकाळी एसटीनं घरी आले. आई माझ्याकडंच असते. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. माझी मुलगी दहावीला आहे, ती दारातच म्हणाली, "तुझा व्हिडिओ आलाय. लई भारी केलंस!" तिच्या मैत्रिणीची आई शिक्षिका, तिच्याकडून आलेला. तिनं मोबाइल आजीपुढं धरला.

आईनं बघितला. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा बघितला. मग मला म्हणाली, "ही मी हाय का गं?"

मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

"मी कवा म्हणलंतं, चुकलं म्हणून?"

खरंच कधी म्हटलं नव्हतं. मी चौथीत होते. दरसाल दिवाळी झाली की टोळीबरोबर आम्ही कारखान्यावर जायचो, गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचो. तोवर माझं नाव हजेरीपटावरून काटलेलं असायचं. आल्या आल्या, हातावर पाचटाचे ओरखडे घेऊन, आई मला शाळेत न्यायची. हेडमास्तर तिला आत घेत नसत. ती उंबऱ्याबाहेर, उन्हात. त्या वर्षी ते म्हणाले, "आधी म्हण चुकलं. मग नाव घालतो."

आई म्हणाली, "पोटाला गेलते, चोरीला न्हाई. ते न्हाई म्हणायची मी."

हेडमास्तरांनी हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. घंटा झाल्यापासून शाळा सुटेपर्यंत, रोजगार बुडवून, पोटात काही नसताना. मी तिच्या पदराला धरून उभी होते, आणि खिडकीतून पोरं बघत होती म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. चौथ्या दिवशी हेडमास्तर वैतागले आणि नाव घातलं. त्या नावावर मी शिकले. डी.एड. केलं. नोकरी लागली. खुर्ची मिळाली.

उन्हात उभं राहून आईनं जे म्हटलं नाही, ते मी पंख्याखाली, चार टाळ्यांसाठी म्हणून टाकलं. सरांचा राग मला नंतर आला. आधी माझीच शिसारी आली. मुलीला ही गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती. का? लाज वाटत होती. उन्हात उभ्या राहिलेल्या माझ्या आईची मला लाज वाटत होती. आत्ता हे लिहितानाही कान तापतात.

मुलीचं हसू केव्हाच मावळलं होतं. आई पुन्हा शेंगांकडं वळली. एवढंच म्हणाली, "आन् तुला कावून म्हणावं लागलं गं? तुझं तर पोट भरल्यालं हाय."

आता प्रशिक्षणाची एक रीत सांगते. रोज सकाळी प्रार्थना झाली की आदल्या दिवसाचा अहवाल वाचतात. पाळीपाळीनं, नोंदणीच्या क्रमानं. सगळे अहवाल एकाच साच्यातले. सरांनी ओघवत्या वाणीने मंत्रमुग्ध केले. सर्वांनी रुचकर भोजनाचा आस्वाद घेतला. ऐकत कुणीच नाही. लोक मोबाइल बघतात आणि चहाची वाट बघतात. वाचून झालं की टाळ्या, आणि कागद फायलीला.

तिसऱ्या दिवसाच्या अहवालाची पाळी माझी होती. पाळीचा तक्ता पहिल्या दिवसापासून भिंतीवर चिकटवलेला. सरांनी तो बदलला नाही. अहवालात काही असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार.

मी उभी राहिले. कागद उघडला. वाचला.

"काल दुसऱ्या सत्रात पालकांशी संवाद हा विषय झाला. ऊस तोडणाऱ्या आईचे काम मला देण्यात आले. सुलभक सर म्हणाले, यांच्या रक्तातच आहे, यांना मेकअप लागायचा नाही. सभागृह हसले. मीही हसले. त्यानंतर मी 'माझं चुकलं, सायेब' असे म्हणाले. माझी आई हे वाक्य कधीही म्हणालेली नाही. म्हणून मी ते परत घेत आहे. पहिल्या दिवशी मला विचारण्यात आले की गावात घर कोणत्या बाजूला आहे. त्याचा नेतृत्वाशी काय संबंध, हे अद्याप कोणत्याही सत्रात शिकवलेले नाही. भोजन रुचकर होते."

टाळ्या पडल्या नाहीत. सर उठले. "बाई, अहवालात वैयक्तिक काही लिहीत नसतात."

"वैयक्तिक तुम्ही बोललात, सर. मी फक्त लिहून घेतलं."

"गंमत होती ती. तुमी लोकं लई मनाला लावून घेता." गोड आवाज गेला होता. घरचं बोलणं बाहेर आलं होतं. "कागद द्या इकडं."

"फायलीला लावायचा असतो. मीच लावते."

टेबलापर्यंत चालत गेले. कागदाला भोकं पाडली आणि फायलीत लावला. घाटनांदूरकडचे गुरुजी उठले. वाटलं, काहीतरी बोलतील. ते पाणी प्यायला बाहेर गेले.

समारोपाला सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. माझं "तपासणीत राहिलंय". पुढच्या आठवड्यात शिक्षण विभागाच्या कार्यालयातून पत्र आलं. प्रशिक्षणाच्या शिस्तीचा भंग केला, तीन दिवसांत दिलगिरीसह खुलासा द्या, नाहीतर मुख्याध्यापकाचा पदभार काढून घेऊ. तिथले एक जण घरी समजवायलाही आले. चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, चुकलं म्हणून दोन ओळी लिहा. विषय मिटंल." पत्र आल्यावर मी एकदम मॅडम झाले होते. आई आत भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मी त्यांना म्हणाले, "चहा झाला असेल तर या आता."

खुलासा दिलाय. अहवालाची प्रत जोडली आणि खाली लिहिलं, यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. दिलगिरी लिहिली नाही. पदभार काढायचा असेल तर काढा. मी वर्गावर जाईन. भीती वाटत नाही असं नाही. पगार थांबवतील का, बदली कुठं करतील, पोरीच्या शिक्षणाचं काय, सगळं मनात येतं. येऊ दे.

चित्रफीत काढून टाका म्हणून लेखी दिलं आहे. उत्तर नाही. ती अजून केंद्राकेंद्रावर दाखवताहेत, मला कळतंय. आता जिथं दाखवणार असतील तिथं मी जाणार आहे. रजा टाकून, पदरच्या पैशानं. बोलावणं असो नसो. मागं उभी राहून पूर्ण बघणार, टाळ्या होऊ देणार. मग पुढं जाऊन अहवाल वाचणार. पाळी माझी असो नसो.