नायिकेची आई

खंडाळ्याच्या बंगल्यांत मालिकांचं शूटिंग असलं की जवळच्या वडिवळे गावच्या मावशी हमखास असतात. कधी मोलकरीण, कधी दाई. मी कपडेपट सांभाळतो. एका ओळीचा संवादसुद्धा त्या घरून पाठ करून येतात आणि आरशासमोर पुटपुटत बसतात.

गेल्या महिन्यात त्यांना पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली, नायिकेच्या आईची. प्रसंग होता लेकीला बघायला पाहुणे येण्याचा. आई गरीब दिसावी म्हणून दिग्दर्शकांनी मला फाटकं लुगडं द्यायला सांगितलं. मावशींनी ते नीट घडी करून मला परत दिलं आणि त्या दिग्दर्शकांकडे वळल्या.

"साहेब, घरात पाव्हणं येणार अन् आई फाटकं नेसंल व्हय? ठेवणीतलं काढंल ती."

"मावशी, मग दुसरी बाई बोलवावी लागेल."

"बोलवा. पर मी हे नेसायची न्हाई."

दिग्दर्शकांनी माझ्या हातातल्या फाटक्या लुगड्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "चांगलं लुगडं काढ."

ते नेसून मावशी आल्या, तेव्हा नायिकेचं काम करणारी मुलगी खुर्चीवरून आपसूक उठली. इतकी वर्षं त्यांच्या हातात जुनेरं ठेवणारा मीच; तरी त्या दिवशी माझीच आई उभी असल्यासारखी माझी मान ताठ झाली.