सामंत सरांची दोन पत्रं

सामंत सर पहिल्यांदा आमच्या तोंडवलीच्या घरी आले ते आमचं घर बघायला. मी तेव्हा आठवीत होते. थोरल्या ताईला वैभववाडीकडचं स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांनी चौकशी सरांकडे केली होती. आमच्या भागात ही रीतच पडली आहे. हायस्कुलातून निवृत्त झालेल्या सामंत सरांची चिठ्ठी आली की घराण्याबद्दल पुढे कोणी विचारत नाही. सर दारापुढच्या खळ्यात बसले, गूळपाणी घेतलं, बाबांशी मासळीबद्दल बोलले आणि गेले. काय लिहिलं देव जाणे, ताईचं लग्न महिन्याभरात ठरलं.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवसमितीने त्यांचं कार्य, मूल्यं आणि जिव्हाळा असं क्रमाने लिहायला सांगितलं आहे. माझी पंचाईत अशी की माझ्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच घोळात अडकल्या आहेत, आणि तो घोळ मला अजून उलगडलेला नाही. गौरवग्रंथात घोळ लिहू नये, हे कळतं. पण दुसरं काही लिहायला बसले की हात चालत नाही.

त्या भेटीनंतर सरांनी मला रोज सकाळी आपल्या घरी जीवशास्त्र शिकवायला सुरुवात केली. चुकलं की ‘डॉक्टरीणबाई, गेला हो तुमचा पेशंट’ म्हणत. बारावीनंतर परदेशातल्या एका विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाचा अर्जही त्यांनीच शोधला. प्रवेश मिळाला, पण फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. विद्यापीठाने मदत दिली तर जायचं, नाहीतर नाही. मदतीसाठी घर ओळखणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र हवं होतं. ते कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता.

सरांनी ते मन लावून लिहिलं. घराणं अब्रूदार. दारात स्वतःची होडी. माडांची बाग. पर्यटकांसाठी खानावळ. या घराने आजवर कोणापुढे हात पसरलेला नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. होडी होती, फक्त बाबांची कंबर गेल्यापासून ती माडाच्या झापांखाली पडून होती. माड होते, सात. खानावळ म्हणजे मांडवातली तीन टेबलं, पावसाळ्यात तीही घरात. पण घराण्याच्या चिठ्ठीत असं कोणी लिहितं का?

उत्तर आलं की कुटुंब सुस्थितीत दिसतं, सबब मदत देता येत नाही. आम्ही सगळे चक्रावलो. सरांनी इतकं चांगलं लिहूनही नाही म्हणतात म्हणजे माणसंच विचित्र, असं आईचं मत पडलं. बाबांना वाटलं, एखादा दाखला राहिला असेल. सर चष्मा पुसून पुसून तो कागद वाचत राहिले. मी मनातून त्यांच्यावर भयंकर चिडले होते, आणि चिडल्याची लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले, घरातलं उणं लिहू का असं आईला विचारायला. शब्द त्यांना जड जात होते. ज्या घराची अब्रू त्यांनी व्याह्यांना सांगितली, त्याच घराचं फाटकं आता परक्यांना दाखवायचं होतं. ताईच्या सासरी कळलं तर काय, हेही त्यांनी बोलून दाखवलं. आईने हातातली मासळी साफ करून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे बघत म्हणाली,

“सर, खरा आसा तां लिवा. लाज माझी मी बघतंय. चेडवाक जावंदे.”

सर चहा न घेताच गेले. पत्र गेलं, मदत मिळाली, मीही गेले. त्यांनी काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका कामासाठी विद्यापीठाच्या कार्यालयात माझी फाईल बघायला मिळाली, त्यात ते पत्र होतं. होडी, माड, बाबांची कंबर, सगळं चार ओळींत. पुढे सरांनी फक्त स्वतःबद्दल लिहिलं होतं: पहिल्या पत्रात मी असत्य लिहिले. या कुटुंबाने मला तसे सांगितले नव्हते. माझ्या खोटेपणाची शिक्षा या मुलीला देऊ नये.

मी तिथेच बाकावर बसून रडले. ज्यांच्या एका चिठ्ठीवर आमच्याकडे लग्नं ठरतात, त्यांनी परमुलखात स्वतःला खोटारडं लिहून दिलं. आणि खोटं तर ते बोललेच नव्हते! फोनवर विचारलं तर म्हणाले, कागद कसले वाचतेस, परीक्षा जवळ आली. आभार मानू की माफी मागू, मला सुचेना. दोन्ही न करता मी फोन ठेवला.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, त्यांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि मी परत आले की पहिला पेशंट म्हणून त्यांनीच यावं, ही माझी इच्छा. बाकी माझ्या हातून एवढंच झालं. परवा मी त्या कार्यालयात एक पत्र दिलं. या गृहस्थांना मी लहानपणापासून ओळखते, पहिल्या पत्रात त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, एवढंच त्यात आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, इतक्या वर्षांनी याचा काय उपयोग? पण ते सरांच्या पत्राला जोडून घेईपर्यंत मी तिथून हलले नाही.