कोपऱ्यातलं नाव

"हा कचरू कोण?"

सरांनी माझा कागद वर्गासमोर वर धरला होता. नगरच्या कला महाविद्यालयातलं माझं पहिलं वर्ष. अक्षरलेखनाचं पहिलंच काम.

"माझे वडील, सर."

"मग त्यांनाच ॲडमिशन घ्यायला सांगायचं होतं." वर्ग हसला. "आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले.

एवढंच. पण तो 'अच्छा' आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडे नव्यानं बघायला लागले.

चूक माझीच होती. दादा, म्हणजे माझा बाप, शेवगावात पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, टेम्पोच्या, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या. काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरनं आपलं नाव टाकायचं, ही रीत. दादाचं नाव मी टाकायचे, अगदी लहान होते तेव्हापासून. त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलं होतं, त्यामुळं बारीक ब्रश हातात ठरायचा नाही. मोठी अक्षरं त्याची, कोपरा माझा. 'पेंटर कचरू, शेवगाव.' हाताला इतकी सवय की कॉलेजच्या कागदावरही खाली तेच लिहून मोकळी झाले.

"इथं डिझाईन शिकवतात. पाट्या नाही. ते नाव पुस आधी."

पांढरा रंग घेतला आणि बापाचं नाव पुसलं. सगळ्यांसमोर. जराही न अडखळता पुसलं, याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी सरांनीच बोलावून सांगितलं, "तुझ्या वडिलांना एकदा घेऊन ये. पाटीवाल्यांची अक्षरं जपून ठेवायचीत." मी हुरळले. दादा इस्त्रीचा सदरा घालून एसटीनं आला. सरांनी त्याला व्हरांड्यात बसवलं. खाली, फरशीवर. खुर्च्या होत्या. दिवसभर वाकून त्यानं मोठमोठ्या कागदांवर सगळी बाराखडी लिहिली. बोटामुळं अक्षरावरची रेघ शेवटी तुटायची, जराशी फट राहायची. शेवगावात लोक त्या फटीवरून ओळखायचे, ही कचरूची पाटी.

मैत्रिणींबरोबर त्या व्हरांड्यातून मी दोनदा गेले.

"कोण गं हे?" एकीनं विचारलं.

"सरांनी बोलावलंय कुणालातरी."

दादानं ऐकलं. मान वर केली नाही. ब्रश तेवढा क्षणभर थांबला.

संध्याकाळी त्यानं सरांना विचारलं, "कोपऱ्यात नाव टाकायचं का सर? पोरगी टाकती माझं."

"नको. नुसता नमुना आहे."

स्टँडवर एसटीची वाट बघताना तो म्हणाला, "लई मान दिला बाई तुझ्या सरांनी. आता पोरं माझ्या अक्षरावर शिकणार." व्हरांड्यातलं तो काही बोलला नाही. मीही नाही. दोन वर्षांनी तो गेला. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आणि मग तो मला दिसायला लागला.

पहिल्यांदा नगरच्या स्टँडसमोर, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. तीच फट. मी भर रस्त्यात उभी राहिले, मागचा रिक्षावाला शिव्या देत गेला. मग सुप्याला, एका कारखान्याच्या गेटवर. मग मोबाईलवर आलेल्या लग्नपत्रिकेत. एकदा एका अनोळखी म्हाताऱ्याचा फ्लेक्स दिसला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' बापाच्या हातची होती. मेलेला माणूस दुसऱ्यांच्या मरणाच्या पाट्या लिहीत होता. त्याच्या स्वतःच्या मरणाचा फ्लेक्स आम्ही लावलाही नव्हता.

आईला सांगितलं. "भास होत्यात तुला," ती म्हणाली. मीही तसंच धरून चालले. खाली मान घालून रस्त्यानं जायची सवय लावली. पण मोबाईल उघडला की त्यातही तो होताच.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि कधीही घरी पाठवतील. यंदा नवी कॉम्प्युटर लॅब झाली. उद्घाटनाला सर बोलायला उभे राहिले. विषय, कलाशिक्षणाचं भविष्य. मोठ्या पडद्यावर त्यांनी एक फॉन्ट उघडला, फ्लेक्सवाले आणि पत्रिकावाले सर्रास वापरतात तो. अ, आ, इ. प्रत्येकाच्या डोक्यावर फट. भास नव्हता तो. खाली उजव्या कोपऱ्यात नाव होतं. सरांचं.

"आता हाताची गरज उरली नाही," सर म्हणाले. "ही अक्षरं दाखवली की कॉम्प्युटर त्याच वळणाची हवी तेवढी नवी घडवतो. पुढच्या वर्षीपासून ब्रशचा तास बंद. मॅडम मुलांना हेच शिकवतील."

मॅडम म्हणजे मी. टाळ्या झाल्या. मी उभी राहिले.

"सर, ती फट कशाची आहे?"

"ती स्टाईल आहे, मॅडम."

"स्टाईल नाही. ते माझ्या बापाचं तुटलेलं बोट आहे. तुमच्याच व्हरांड्यात, फरशीवर बसून लिहिलंय त्यानं हे. कचरू त्याचं नाव. तुम्ही मला पुसायला लावलं होतं."

"बसा. तासिकेवर आहात, विसरू नका."

बसले नाही. हे कोण, असं मला त्या व्हरांड्यात विचारलं होतं. उत्तर द्यायला इतकी वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधले कॉम्प्युटर मी बंद केले नाहीत. यंत्राशी माझं भांडण नाही. दादाला मिळालं असतं तर जेवणखाण विसरून बसला असता. मुलांना म्हटलं, फॉन्ट उघडा, पण वर काही लिहू नका. आधी कोपरा. सगळ्या पडद्यांवर खाली उजवीकडे उमटलं, 'पेंटर कचरू, शेवगाव.' आयुष्यभर ते नाव माझ्या हातचं होतं. त्याच्या स्वतःच्या अक्षरात मी पहिल्यांदाच बघितलं. रडू आलं, पण बरं काही वाटलं नाही. त्या व्हरांड्यातून मी अजून रोज जाते आणि रोज तो मान वर करत नाही.

सुप्याची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्याचं नावच ठाव न्हाई, त्याच्या अक्षराचं काय करायचं?"

"शोधायचं. गावात जाऊन विचारायचं. नाव सापडेपर्यंत ते अक्षर वापरायचं नाही."

काल नोटीस आलीय. मुलांच्या कामावरचं कोपऱ्यातलं नाव काढा, नाहीतर तुमचे तास बंद. पुसायला मला एकदा सांगितलं होतं, तेव्हा मी पुसलं. आता तास गेले तर जातील. शेवगावच्या भिंतीपुढं मुलं बसवीन, एका हातात ब्रश देईन, दुसऱ्या हातात मोबाईल. आणि शिकवायला सुरुवात कोपऱ्यापासूनच करीन.