चिंचबर्डीच्या पाण्याचं एक पान

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवर सुचिता खोंडेचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, तहसीलदाराला द्यायची निवेदनं आणि कुठल्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, असं सगळं ती टाईप करते आणि टाईप करता करता मनातल्या मनात शिव्या देते. मनातल्या मनात हे आपलं म्हणायला, समोरच्या गिऱ्हाइकालाही त्या चांगल्या ऐकू जातात. "कार्यसम्राट लिहू? नालीवरचं झाकण बसवाले दोन निवडणुका लागल्या याले, अन् म्हने कार्यसम्राट!" असं म्हणत ती तो शब्द टाईप करते, कारण पोट आहे. गिऱ्हाईक ओशाळं हसतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच येतं, कारण गावात बिनचूक पत्रिका दुसरं कुणी काढत नाही.

इतकी वर्षं लोकांचं लिहिणं वाचून तिचं एक मत पक्कं झालं होतं. लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, साहेबाला वाचता येत नाही, आणि दोघंही एकमेकांना अगदी शोभून दिसतात. लिहिणारा 'उपरोक्त विषयान्वये' म्हणून सुरुवात करतो आणि साहेब तेवढ्यावर सही करून मोकळा होतो. मधल्या मजकुराचं कुणालाच सोयरसुतक नसतं.

नौमान सर तिच्या दुकानात आले ते एक जाडजूड अहवाल घेऊन. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस सुट्ट्यांमध्ये मोटारसायकलवर बाटल्या लादून खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या विहिरींचं पाणी गोळा करत हिंडायचा. लोक त्याला वेडा म्हणायचे. सुचिताही म्हणायची, पण या खेपेला अहवाल चिंचबर्डीच्या पाण्याचा होता आणि चिंचबर्डी तिचं माहेर. तिचे वडील पंजाबराव तिथे एकटेच राहत होते. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की किडनी थकली आहे, गावचं पाणी आता बंद करा. पंजाबरावांनी ते ऐकून घेतलं, घरी आले आणि रांजणातून तांब्या भरून प्यायले. "ह्या पान्यावर माहा आजा जगला," म्हणाले. "अन् मी सोतासाठी पानी इकत घ्याचं? पानी काय इकत घ्याची चीज हाये?" नळाला गोडं पाणी आलं तर पिईन, एवढं मात्र ते कबूल करत होते. शेजारच्या गावापर्यंत गोड्या पाण्याची पाईपलाईन आलेली होती. तिथून ती या वर्षी कोणत्या गावांकडे न्यायची, हे जिल्ह्याची पाणी समिती ठरवणार होती. चिंचबर्डीचा नंबर लागला तर पंजाबराव वाचणार होते. नाही तर तांब्या आणि रांजण होतेच.

"समितीले द्याचा हाये, ताई. जरा बघून द्या," नौमान सर म्हणाले.

सुचितानं पहिलं पान उघडलं. 'सदर अभ्यासक्षेत्रातील भूजलामध्ये एकूण विद्राव्य घन पदार्थांचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक असल्याचे निदर्शनास आले आहे.'

"सर, हे कोनं वाचाचं?"

"समितीनं."

"समितीत कोन हाये, माहीत हाये का तुमाले? अध्यक्ष इंद्रभानभाऊ, त्यायचा पेट्रोलपंप. दुसरा सिमेंट इकते. तिसऱ्याचं मंगल कार्यालय. विद्राव्य घन म्हनलं का ते खतम. तुमाले जे माहीत हाये ते सगळ्या दुनियेले माहीतच हाये, असं धरून लिहिता तुमी लोक."

नौमान सरांनी मान खाली घातली. मोठ्या पगाराचा माणूस, पण बोलणी खायची वेळ आली की पोरासारखा उभा राहायचा. सुचिताला त्याची दया आली नाही. उलट चेव चढला. तिनं अहवालाची प्रस्तावना उडवली, मागच्या संशोधनाचा आढावा उडवला, तक्ते उडवले. 'वरील बाब विचारात घेता' जिथे जिथे होतं तिथे तिथे ती च्यक् च्यक् करत काट मारत गेली. समितीला काय पाहिजे? गोष्ट काय आहे, आम्ही काय करायचं, आणि नाही केलं तर काय होईल. बस. ज्याला गाडीत बसल्या बसल्या वाचायचं आहे त्याला याहून जास्त दिलं की तो कागदानं वारा घेतो.

एका ठिकाणी तेवढे सर अडले. सुचितानं लिहिलं होतं की या पाण्यानं किडन्या जातात. "असं नका लिहू, ताई. ते सिद्ध नाही झालं अजून."

"माह्या बापाची गेली न."

"डॉक्टर काय म्हनले ते लिहा. तेवढं पक्कं हाये."

चरफडत का होईना, तिनं बदललं. शेवटी एक पान तयार झालं, आणि खरं सांगायचं तर झकास झालं. 'चिंचबर्डीच्या विहिरींचं पाणी खारं आहे. ज्यांच्या किडन्या बिघडल्या त्यांना डॉक्टर हे पाणी बंद करायला सांगतात, पण गावात दुसरं पाणी नाही. गोड्या पाण्याची पाईपलाईन शेजारच्या गावापर्यंत आली आहे. ती या वर्षी चिंचबर्डीपर्यंत आणा.' त्याखाली बाटल्यांच्या तपासणीचा निकाल दोन सोप्या वाक्यांत, आणि खाली नौमान सरांची सही. सुचितानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. जिल्ह्यात असं लिहिणारं दुसरं कुणी नाही, असं तिला वाटलं आणि ते तिनं सरांना बोलूनही दाखवलं.

पान वाचलं गेलं. इंद्रभानभाऊंनी म्हणे ते सगळ्या समितीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, चला, बघूनच येऊ. समिती चिंचबर्डीला निघाली. दोन गाड्या, पुढे धूळ, मागे धूळ, गळ्यात उपरणी. सुचिता आदल्या दिवशीच माहेरी जाऊन अंगण झाडून बसली होती, कारण समिती पंजाबरावांच्या ओसरीवर टेकणार होती. मंडळी विहिरीवर गेली, वरून डोकावली. पाणी नितळ दिसलं. मीठ काही डोळ्यांना दिसत नाही, पण ही मोठी माणसं डोकावून आल्याचं समाधान घेऊन परतली. मग ओसरीवर बसली, पाणी प्यायली, लिंबाचं सरबत प्यायली, चहा प्यायली. पंजाबरावांनी टोपी-नारळ देऊन सगळ्यांचा सत्कार केला. गाड्या गेल्या.

काही दिवसांनी निर्णय आला. चिंचबर्डी यादीत नव्हती. शेरा होता: 'प्रत्यक्ष पाहणीत गावातील पाणी नितळ व चवीस गोड आढळले.'

सुचिता जी तडक उठली ती इंद्रभानभाऊंच्या पेट्रोलपंपावर. त्यांच्या केबिनमध्ये तिनं त्यांची आणि समितीची पार सालटी काढली. गोड म्हणायला लाज नाही वाटली का, कुणाचे पैसे खाल्ले, सगळं विचारून घेतलं. भाऊंनी शांतपणे ऐकलं.

"ताई," ते म्हणाले, "पानी तुमीच तर आनून देल्लं मले. तुमच्या हातचं पेलो मी. गोड होतं, त्याले खारं कसं लिहू?"

सुचिता आल्या पावली परत फिरली.

कारण पाणी तिनंच दिलं होतं, आणि जारमधून दिलं होतं. चिंचबर्डीत पाहुण्याला विहिरीचं पाणी देत नाहीत. घरोघरी कोपऱ्यात विकतच्या गोड्या पाण्याचा एक जार असतो, तो पाहुण्यांचा. घरातली माणसं रांजणातलं पितात, माहेरी आलेली लेकही रांजणातलंच पिते, कारण ती काही परकी नव्हे. स्वतःसाठी पाणी विकत घ्यायला नाक मुरडणारे पंजाबरावही पाहुण्यासाठी जार आणून ठेवायचे. सरबतही त्याचंच, चहाही त्याचाच. ताटातले गिलास भरताना सुचिताचा हात सवयीनं कोपऱ्याकडे गेला होता. इतकी जन्माची सवय की तिला ते दिसलंसुद्धा नव्हतं, आणि लिहिताना सुचलंही नव्हतं. जे तिला माहीत होतं ते सगळ्या दुनियेला माहीतच आहे असं तिनं धरलं होतं. नौमान सरांना ती ज्या तोंडानं बोलली होती ते तोंड तिला आता कुठे लपवावं असं झालं. घ्या, मोठ्या लेखिका!

तरीही राग कुणावर तरी काढायचाच म्हणून ती चिंचबर्डीला गेली. "बाबा, तुमी तरी म्हनाचं न, का सुचे, आज रांजनातलं दे. सगळं मातीत गेलं."

पंजाबराव तिच्याकडे बघतच राहिले. "तू लिहिलं होतं न, पानी खारं हाये म्हनून? त्यायनं वाचलं होतं न?"

"वाचलं होतं."

"मंग झालं तर. माह्या पोरीनं लिहून देल्लं, त्याच्यावर अजून पाजून काय दाखवाचं? तुह्या लिहिन्यावर कोनाचा इश्वास नसन, असं मले कसं वाटन?"

ती परत आली आणि नौमान सरांना दुकानात बोलावून तिनं नवं पान लिहायला घेतलं. यादी पक्की होण्याआधी समितीची एक फेरविचाराची बैठक होती, तेवढीच संधी. पहिलं वाक्य तिनं लिहिलं: 'आमच्या गावात आलात तर तुम्हाला पाणी गोड लागेल. ते आमचं पाणी नाही, ते पाहुण्यांसाठी विकत आणलेलं आहे. आम्ही काय पितो ते पाहायचं असेल तर न सांगता या आणि रांजणातलं मागा.' सरांनी वाचलं आणि यात काही घालायला नको म्हणाले.

पान पाठवायच्या आधी तिनं ते पंजाबरावांना वाचून दाखवलं. तिथे सगळं बिनसलं.

"हे नको लिहू."

"काऊन?"

"खारं गाव म्हनून तशाही कोनी पोरी देत नाही इथं. आता पाहुन्याले काय पाजतो तेही छापाचं? घरातली गोष्ट हाये ते. पाहुन्याच्या गिलासातलं चव्हाट्यावर मांडाचं नसते, सुचे. तू पाठोलं तर मी ह्या गावात तोंड कसं दाखवू?"

"अन् नाही पाठोलं तर? तुमी अजून किती दिवस पेसान हे?"

"जितके पेईन तितके पेईन."

त्यांना समजावण्यात तिनं सगळी दुपार घालवली, आणि शेवटी त्यांच्या अडाणीपणाला, गावाच्या पोकळ इभ्रतीला नावं ठेवत निघाली. पान तिनं पाठवलं. इभ्रतीनं किडनी चालत नाही, असं तिचं साधं म्हणणं होतं आणि ते चुकीचं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

इंद्रभानभाऊंनी या खेपेला एका माणसाला न सांगता धाडलं. तो कुणाच्या तरी दारात रांजणातलं मागून प्यायला, अंगणातच थुंकला आणि गेला. चिंचबर्डी यादीत आली. पण त्या थुंकण्याची गोष्ट तालुकाभर झाली, पानातलं वाक्य मोबाईलवरून फिरलं, आणि पंजाबराव पारावर बसायचे बंद झाले.

रस्त्याच्या कडेला पाईप येऊन पडले तेव्हा सुचिता माहेरी गेली. पंजाबराव ओसरीवर होते. "बाबा, आलं पानी तुमच्या दारात," ती म्हणाली आणि नेहमीसारखी रांजणाकडे निघाली.

पंजाबरावांनी हातानं तिला थांबवलं. ते उठले, कोपऱ्यात गेले. जार तिरपा करून त्यांनी स्टीलचा गिलास भरला, ताटलीत ठेवला, आणि ताटली दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"बसा. पानी घ्या," ते म्हणाले.

जन्मात ते तिला कधी 'घ्या' म्हणाले नव्हते. तिनं गिलास उचलला आणि पाहुण्यासारखं ते पाणी प्यायली.