मिठाच्या पोत्याला खाट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला मधेच कुणी हसलेलं खपत नाही. फजिती माझी आहे, तेव्हा हसायचं कधी हेही मीच सांगणार.

अठ्ठ्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. भोकरदनकडच्या एका गावात मी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो. खाटा आठ. त्यातल्या चारांवर तापाचे, जुलाबाचे पेशंट मुक्कामालाच. उरल्या चार. तिथं गळू फोडलेला माणूससुद्धा तीन दिवस पाय पसरून पडायचा, आणि अडलेली बाई आली की खाट नाही.

मी डोकं लढवलं. बारकी ऑपरेशनं सगळी बाजाराच्या दिवशी. लोक बैलगाडी जुंपून येतातच. सकाळी पेशंट उतरवा, बाजार करा, संध्याकाळी पेशंट घेऊन जा. खाटा मोकळ्या. सांगा, यात चूक कुठंय? मला तरी दिसली नाही. म्हणून तर जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना 'बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी येऊन बघा' असा निरोप धाडला.

आणि कल्हईवाल्या यूसुफभाईंना शब्द दिला. त्यांचं पहिलं मूल घरीच अडून गेलं होतं. आता शकीलाभाभींचे दिवस भरलेले. म्हटलं, "बाजाराच्या संध्याकाळी भाभींना आणा. खाट तुमची."

चारही ऑपरेशनं बराबर झाली. संध्याकाळी ऐटीत वॉर्डात गेलो, तर चौघंही जागच्या जागी. पहिल्या खाटेवर नामदेवराव, मांडीवरची गाठ काढलेले. शेजारी त्यांची बायको पार्वतीबाई.

"मावशी, न्या की आता यांना घरी."

"कशात नेऊ?"

"गाडी आहे ना तुमची?"

"गाडीत बाजार भरलाय. मिठाचं पोतं हाय, सरकी हाय, लेकीसाठी रांजण घेतलेत. ह्यांना काय जुवावर बसवू?"

"मग सकाळी कसे आले?"

"सकाळी गाडी रिकामी व्हती, डाक्टर. आम्ही घ्यायला आल्तो, इकायला न्हाई."

बाकी तिघांच्या गाड्याही गच्च. माणूस दवाखान्यात येतो कसा, एवढंच मी धरलं होतं. तो परत जातो कसा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात यूसुफभाई दारात. मागं भाभी, भिंतीला धरून. कळा सुरू झालेल्या.

"डाक्टरसाब, आपण म्हणाल्ते खाट हाय म्हणून."

मी खरंच घाबरलो होतो.

पार्वतीबाईंनी भाभींकडं एकदा बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा. मीठ राहू द्या हितं. मिठाला काय कळा येत न्हाईत."

बघता बघता चारही गाड्या रिकाम्या झाल्या. कडब्यावर गोधड्या टाकून पेशंट घरी निघाले, आणि बाजार दवाखान्यात आला. मी म्हटलं, खाली ठेवा. पार्वतीबाई कसल्या ऐकतात? "फिनेल मारलेल्या फरशीवर खायचं सामान? बिलकुल न्हाई." एका खाटेवर भाभी, बाकी तिन्हींवर बाजार.

पहाटे भाभींना मुलगी झाली. दोघी सुखरूप. यूसुफभाई रडले, मीही रडलो. त्या नादात साहेब यायचेत हे साफ विसरलो.

जीप वाजली तेव्हा आठवलं. घाईघाईनं तिन्ही खाटांवर लाल ब्लँकेटं ओढली. साहेब जुने डॉक्टर. खाटेजवळ गेले की आधी पेशंटच्या कपाळावर हात ठेवायचे. त्यांनी ठेवला. रांजणावर.

बराच वेळ हात तिथंच होता.

"ताप नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "तुमची योजना सकाळी आणून संध्याकाळी घरी पाठवायची ना? मग यांना कधी सोडणार?"

"पुढच्या बाजाराला, साहेब," मी म्हणालो. "नातेवाईक गाडी रिकामी घेऊन आले तर."