घोड्याला कोण बघणार?

काल बदलापुरात लग्नाच्या हॉलबाहेर नवरदेवाची घोडी उभी होती. तिच्याकडे नजर गेली आणि मी थेट अंबरनाथच्या आमच्या चाळीतल्या खोलीत पोचले.

तेव्हा मी शाळेत होते. दादाने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून व्हीसीआर भाड्याने आणला होता. सिनेमा इंग्रजी, बक्षिसासाठी दरोडेखोरांना टिपत फिरणाऱ्यांचा. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण गोळ्या कळत होत्या. एकेक स्वार धाडकन खाली पडायचा आणि पालेगावात गुराढोरांत वाढलेली आमची आई विचारायची, "आता याच्या घोड्याला कोण बघणार?"

बाबा वैतागले. "अगं, इथे मुडद्यांचा खच पडलाय आणि तुला घोड्याची काळजी!"

"माणसं आपल्या मर्जीने आलीत तिथे. घोड्याला कुणी विचारलं होतं?"

शेवटच्या गोळीबाराआधी खांबाला बांधलेला एक घोडा हौदातलं पाणी प्यायला. आई खुशीत उठली. "झालं बाई एकदाचं. चहा टाकते."

शेवटी कोण जिंकलं, ते मला अजिबात आठवत नाही. काल मात्र आहेर हातात तसाच धरून मी आधी घोडीवाल्याला गाठलं.

"भैया, इसको पानी पिलाया क्या?"