रताळ्यांचा पैरा

आमच्या गावात मजुरीचा दर कोणी एकटा माणूस ठरवत नाही. तो गावाचा दर असतो. भावकीतली चार डोकी पारावर बसून ठरवतात आणि एकदा ठरला की देवळाच्या पायरीसारखा तो तिथंच राहतो. तेल महागलं, पेट्रोल महागलं, चहाचा कपसुद्धा महागला, पण रानात येणाऱ्या बायकांचा दर जागचा हलला नाही. कुणी गुपचूप जास्त दिला तर तो फितूर. आणि हीच मंडळी कपाळाला हात लावून विचारतात, "बायका मिळेनात, काय करायचं सांगा!"

मीही त्यातलीच. राहते गावात आणि बसनं बेळगावला जाऊन एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. गावाच्या पश्चिमेला आमचा तांबड्या मातीचा एक तुकडा आहे, त्यात रताळी लावते. लावते म्हणजे मीच. आमचे हे ऑफिसातून येतात ते बांधावर उभं राहून सल्ले द्यायला. सासरे गेल्यापासून ते रान माझं आहे असं मी मनाशी धरून बसलेय. दिवसभर पोरांवर ओरडून आल्यावर त्या मातीत पाय ठेवला की मी माणसात येते.

गेल्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं तरी रताळी जमिनीतच होती. उपवासाचा बाजार हुकला की रताळ्याला कोण विचारतो? शेवटी ह्यांनी सांगून टाकलं, "यंदा वेळेत निघाली तर बघू. न्हाईतर पुढच्या सालापासनं रान खंडानं दुसऱ्याला कसायला देऊया. उगं जिवाला घोर नको." ह्यांचं 'देऊया' म्हणजे दिल्यातच जमा.

बायका कुठं गेल्या हे काही कोडं नव्हतं. सरकारी बस बायकांना फुकट झाल्यापासून निम्मी गल्ली सकाळी शहराकडं जाते. उरलेल्यांच्या दारात काजूच्या कारखान्याची गाडी येते. तिथं डोक्यावर पंखा, वर चहा. आमच्याकडं डोक्यावर ऊन आणि गावाचा दर.

तरी रीतीप्रमाणं दिवस मावळताना मी बोलवायला गेले. पूर्वी रानात बायकांची टोळी घेऊन येणारी एक आक्का आमच्या मागच्या गल्लीत राहते. आता टोळी पांगलीय, घरात ती आणि तिच्या दोन सुना. दारात टेकता टेकता मी म्हटलं, "काय गं आक्का, हल्ली कामाला माणसंच मिळेनात बघ."

बोलले आणि माझं मलाच हसू फुटलं. आमच्या संस्थेचे चेअरमन प्रत्येक मीटिंगला हेच म्हणतात: हल्ली शिक्षकच मिळत नाहीत. तेव्हा मागच्या बाकावर आम्ही बाया एकमेकींना कोपरानं ढोसत असतो, की पगार किती वर्षं तेवढाच आहे हे ह्यांना कोण सांगणार! मी हे आक्काला सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता डोळे पुसले.

मग म्हणाली, "बाई, पैशाचं ऱ्हाऊ दे. तुमी दर मोडलासा तर भावकी तुमास्नी खाईल. माज्या तुकड्यातलं रताळं बी तसंच जमिनीत पडलंय. मला तरी कोण गावतंय? पैरा करूया. आमी तिगी तुमच्यात येतो, तुमी आन सायेब माज्यात या."

पैरा म्हणजे मजुरी न देता-घेता एकमेकांच्या रानात राबायचं. बरोबरीच्या शेतकऱ्यांत तो चालायचाच. पण मालकानं मजुराच्या रानात जायचं, असं आमच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. घरी सांगितलं तर हे ताडकन उठले. "मजुरीला जानार तू? लोकं काय म्हनतील?"

"मजुरीला न्हवं, पैऱ्याला," मी म्हटलं, आणि शाळेत रजेचा अर्ज टाकला.

आक्काच्या रानात पहिल्याच तासाला मी कुदळीनं रताळ्यांचे दोन-दोन तुकडे करत सुटले. "बाई, भाजी चिरायची न्हाय, सगळी भाईर काडायची हाय," धाकटी सून म्हणाली. दुपारी झाडाखाली भाकरी आणि खर्डा. तळहाताला फोड, कंबरेचं तर नावच काढू नका. पण खरं सांगते, मी खुशीत होते. इतक्या वर्षांत त्या बायकांच्या घोळक्यात बसून जेवायची ती पहिलीच वेळ, आणि दुपारनंतर आक्का मला 'तू' म्हणायला लागली होती. संध्याकाळी रताळी भरायची बुट्टी झाडत तिनं निकाल दिला, "तुजा दिस आमी अर्दा धरतो गं." अर्धासुद्धा तिनं प्रेमानंच धरला होता.

शब्दाप्रमाणं त्या तिघी आमच्या रानात आल्या. भरभर वेल कापले, सऱ्या उकरल्या, पोती भरली. घटस्थापनेच्या आधी आमची रताळी मार्केट यार्डात होती.

त्या तिघींच्या दिवसांपुढं माझा अर्धाच दिवस फिटला होता; राहिला आमच्याकडून फिटायचा बाकीचा पैरा. आक्कानं शनिवार सांगितला, आणि शनिवारी नेमका माझा सहामाही परीक्षेचा पहारा. रजा मागायची सोय नव्हती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. गावाचा दर कुणी मोडला तर लोक चार दिवस बोलतात, पण पैरा बुडवला तर पिढ्यान् पिढ्या नाव निघतं, हे मी ह्यांना सांगायची गरज नव्हती. शनिवारी सकाळी हे जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निघाले, तेही गल्लीतून नव्हे, परसातून.

संध्याकाळी आले ते समोरच्या वाटेनं. लाल मातीनं माखलेले, एक हात कंबरेवर. कट्ट्यावर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्याले. विचारायचं असतं तेव्हा गप्प बसावं, एवढं संसारानं शिकवलंय.

"माजा दिस पाव धरला तिनं," हे म्हणाले.

मी ओठ दाबून धरले.

"हसू नगंस. लई राबत्यात गं त्या. ह्या दरात बोलवलं असतं तर मी बी आलो नसतो." मग पायाची माती खरवडत म्हणाले, "पुढच्या वर्षी दर वाढवूनच द्यायचा. भावकीला काय सांगायचं ते मी सांगतो."

चहा ठेवते म्हणून मी आत पळाले. दराचं भावकीला काय करायचं ते करू दे. खंडाचं नाव न काढता हे 'पुढच्या वर्षी' म्हणाले होते. गॅस पेटवायचं विसरून मी तशीच उभी राहिले आणि माझे डोळे भरून आले.